ताटीपाशी उभी राहिलेली धाकटी बहीण

घरात लहान मुले असली की रुसणे, कोपरा धरून बसणे आणि मग कोणीतरी समजूत काढणे हा क्रम नित्याचाच. परंतु या साध्या कौटुंबिक व्यवहारातून श्रेष्ठ काव्य निर्माण झाल्याचा दाखला आपल्याच भाषेत आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही आळंदीची चार भावंडे. प्रचलित मतानुसार त्यांचे जन्म इ. स. १२७३ ते १२७९ या काळातले. आईवडिलांच्या देहत्यागानंतर, संन्याशाची पोरे म्हणून बहिष्कृत झालेल्या या बालकांना परस्परांवाचून आधार उरला नाही. थोरला निवृत्ती ज्ञानदेवांचा गुरू झाला, आणि त्या गुरुऋणाचा कृतज्ञ उच्चार शके १२१२ मधील ‘ज्ञानेश्वरी’त ठायी ठायी आढळतो. एकदा लोकनिंदेने व्यथित होऊन ज्ञानदेव पर्णकुटीचे दार, म्हणजेच ताटी, लावून बसले असता, परंपरा सांगते, सर्वांत धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभे राहून, संतांच्या लक्षणांची आठवण करून देत त्यांची समजूत काढली; तेच तिचे ‘ताटीचे अभंग’.

भावंडांत ज्याच्याजवळ त्या प्रसंगी समज अधिक, त्याला वडीलकीचा अधिकार आपोआप बहाल होतो. ज्यांच्या घरी मुले आहेत, त्यांनी हे अभंग मुलांना जवळ बसवून अवश्य वाचून दाखवावेत.