कॅनरीचे दाणापाणी

एके सकाळी आमचा कॅनरी गाईना. पिसे फुगवून कोपऱ्यात बसून राहिला. वाटी तर काठोकाठ भरलेली! फुंकर मारली तेव्हा उमगले, वर नुसती फोलपटेच होती. कॅनरी दाणा सोलून खातो आणि फोलपट तेथेच टाकतो. जेमतेम वीस ग्रॅमच्या या जीवाला उपास फार वेळ सोसत नाही.

तेव्हापासून आम्ही भांडी पारखून घेऊ लागलो. दाण्याची वाटी स्टेनलेस स्टीलची किंवा चिनी मातीची असावी. प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत जंतू दडतात आणि जस्ताचा मुलामा पक्ष्याला विषारी ठरतो. पाण्यासाठी पिंजऱ्याला बाहेरून अडकवावयाची पारदर्शक नळी बरी; तीत विष्ठा पडत नाही आणि पाणी किती उरले तेही दिसते. नळीत ब्रश तळापर्यंत पोहोचतो ना, हे घेतानाच पाहावे. बसावयाच्या दांडीखाली कोणतेही भांडे ठेवू नये.

भांड्यांचे दोन जोड असावेत : एक वापरात, दुसरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळत. पाणी रोज बदलावे आणि वाटी भरलेली दिसली तरी फुंकर मारल्यावाचून पुढे जाऊ नये.