एका दात्याची करामत

दोस्तांनो, आधी एक काम करा. तुमची सायकल स्टँडवर उभी करा आणि तिच्या दोन्ही दातेरी चाकांचे दाते मोजा. एक पायडलजवळचं मोठं, दुसरं मागच्या चाकाच्या मधोमध असलेलं लहान. (चेन थांबलेली असतानाच मोजायचं बरं का! फिरत्या चेनमध्ये बोट गेलं तर ते चेंगरलंच म्हणून समजा.) समजा, पुढे ४४ आणि मागे २२ दाते भरले, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक दोनदा फिरेल.

मोटारसायकलमध्येही अशीच दोन चाकं असतात. त्यांना स्प्रॉकेट म्हणतात. पण तिथे सगळं उलटं! लहान चाक पुढे, मोठं मागे. कारण आपले पाय फिरतात सावकाश, तर इंजिन मिनिटाला हजारो फेऱ्या मारतं. तो वेग कमी करायचा आणि त्याच्या बदल्यात जोर मिळवायचा, असा हा सौदा.

हा सौदा सगळ्यांत अवघड होतो तो डांबरी रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत. अशा गाडीला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. जपानच्या कावासाकी कंपनीची केएलआर ६५० ही त्यातली एक नावाजलेली गाडी. १९८७ पासून ती अमेरिकेत धावते आहे. कारखान्यातून येताना तिला पुढे १५ आणि मागे ४३ दाते असतात. भागाकार करा, २.८७ येतो. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट २.८७ वेळा फिरलं, की मागचं चाक एकदा फिरतं.

आता ही गाडी घेऊन कोलोरॅडोतल्या इमोजीन खिंडीत चला. उंची सुमारे ४,००० मीटर, वाट दगडधोंड्यांची. हवा विरळ, त्यामुळे इंजिनचा दम आधीच कमी झालेला. पायी चालावं इतक्या हळू जायचंय, पण पहिल्या गिअरमध्येही गाडी तेवढी हळू जायला तयार नसते. वेग कमी केला की इंजिन धडधडतं आणि बंद पडतं. क्लच अर्धवट दाबून ठेवला, तर त्याच्या प्लेटा तापून जळतात. आणि चढावर जवळजवळ दोनशे किलोची गाडी बंद पडून कलंडली तर? पाय खाली सापडला म्हणजे संपलंच!

म्हणून पुष्कळ जण पुढे १५ ऐवजी १४ दात्यांचं स्प्रॉकेट बसवतात. एकच दाता कमी! पण आता भागाकार ३.०७ होतो. मागच्या चाकाला सात टक्के जास्त जोर मिळतो आणि गाडी गोगलगायीसारखी निमूट चढते.

फुकट मात्र काही मिळत नाही. ज्या वेगाला इंजिन ४,००० फेऱ्या मारत होतं, त्याच वेगाला आता ते जवळजवळ ४,३०० मारतं. हमरस्त्यावर घरघर वाढते, हातांना मुंग्या येतात. म्हणून लांब पल्ल्याचे लोक उलट १६ दाते लावतात. इंजिन शांत, पण चढावर पंचाईत.

मागचं स्प्रॉकेट बदललं तर? १५ आणि ४६ घेऊन बघा. पुन्हा ३.०७! म्हणजे पुढचा एक दाता मागच्या तीन दात्यांच्या बरोबरीचा. पुढचं स्प्रॉकेट लहान, म्हणून स्वस्त. मागचं मोठं केलं तर चेनही लांब लागू शकते. मग पुढचंच आणखी लहान का करू नये? कारण लहान चाकावरून वळताना चेन जास्त दुमडते आणि लवकर झिजते.

मला विचाराल तर ज्याची निम्मी वाट डोंगरातली, त्याने १४ लावावं. हमरस्त्यावरची घरघर सोसता येते, उतारावर गडगडलेली गाडी नाही. चेनचा ताण मात्र नव्याने जुळवून घ्यायलाच हवा. सैल चेन उतरली तर मागचं चाक तिथेच अडकतं.

जाता जाता एक कोडं. एकाने पुढे १६ आणि मागे ४६ दाते लावले आणि मित्राला म्हणाला, ‘‘बघ, माझी गाडी कशी बदलली!’’ मित्र हसला. का बरं? करा भागाकार!