नाथसागरात होडीतून पक्षी बघायला चाललाय? मग बेटावर मात्र उतरू नका!

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पाहुणे गावाकडं येतात आणि धरणाकडं चक्कर मारायचा बेत ठरतोच. शेवगाव-नेवाशाच्या मंडळींना नाथसागर जवळ, कर्जतकरांना उजनीचा फुगवटा. ओळखीच्या मच्छीमाराची होडी मिळाली की सगळे निघाले. पक्षी बघायचे, फोटो काढायचे, मध्येच एखाद्या बेटावर उतरून डबा खायचा. पण हे बेटावर उतरणंच एप्रिल-मे महिन्यात पक्ष्यांच्या जिवावर बेततं. कसं, ते समजून घेऊ.

समुद्राकडचे पक्षी आपल्याकडं कसे?

पैठणजवळ गोदावरीवरचं जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं. त्याच्या मागं साठलेलं पाणी म्हणजे नाथसागर. प्रवरासंगम-टोक्याच्या पुलावरून जाताना दिसतो तो याच पाण्याचा फुगवटा. हे पाणी लांबच लांब पसरलेलं आणि कडेला उथळ आहे. उथळ पाण्यात ऊन पोचतं, शेवाळ वाढतं, चिखलात किडे आणि गोगलगायी होतात, लहान मासे मिळतात. खाडीत पक्ष्यांना जे खायला मिळतं, तसंच इथंही मिळतं. म्हणून समुद्रकिनाऱ्यावर दिसणारे कुरव, सुरय आणि रोहित म्हणजेच फ्लेमिंगो आपल्याकडंही येतात. सोबत शेकाट्या, चमचा, रंगीत करकोचा, राखी बगळा असतातच. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

रोहित चोच उलटी पाण्यात घालून चिखलपाणी गाळतो आणि त्यातलं शेवाळ व बारीक जीव खातो. त्याचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. पिल्लं राखाडी असतात, रंग नंतर चढतो. रोहित आपल्याकडं फक्त चरायला येतो, त्याची घरटी कच्छच्या रणात असतात.

उन्हाळ्यात बेटावर काय असतं?

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मधले उंचवटे उघडे पडतात. नदी सुरय याच बेटांवर अंडी घालतो. पाठ राखाडी, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच आणि शेपूट दुभंगलेली, अशी त्याची ओळख. तो काड्यांचं घरटं बांधत नाही. वाळूत किंवा मातीत जरासा खळगा करतो आणि त्यात दोन-तीन अंडी घालतो. टिटवीचंही तसंच. अंड्यांचा रंग मातीसारखा, वर ठिपके. कावळ्याला दिसू नयेत म्हणून ही सोय, पण त्यामुळं आपल्यालाही ती दिसत नाहीत. पाय पडला की अंडं गेलं.

पाय नाही पडला तरी धोका टळत नाही. माणूस बेटावर उतरला की आई-बाप उडतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात. मे महिन्यातली आपल्याकडची वाळू भाजते. एरवी हे पक्षी अंड्यांवर सावली धरतात, पोटाची पिसं ओली करून आणतात. तुम्ही अर्धा तास डबा खात बसलात, तर तेवढ्या वेळात अंड्यातला जीव जाऊ शकतो. उरलेलं काम कावळे आणि कुत्री करतात. पाणी आणखी ओसरून बेट काठाला जोडलं गेलं की गुरं आणि गाळपेरीची वर्दळही तिथं पोचते. नदी सुरयाची गणना आज जगभरात धोक्यात आलेल्या पक्ष्यांत होते, त्यामुळं एकेक वीण मोलाची आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं किंवा घरट्यांना त्रास देणं हेही शिकारीतच मोजलं जातं, हे ध्यानात ठेवा.

मग बघायचं कसं?

• अभयारण्यात होडी नेण्याआधी वन विभागाच्या कर्मचाऱ्यांना विचारा. काठावरून दुर्बिणीनंही भरपूर दिसतं.
• पहाटे निघा. सूर्य पाठीमागं ठेवा, म्हणजे पक्षी स्पष्ट दिसतात.
• थव्याकडं सरळ होडी घालू नका. लांबूनच इंजिन बंद करा आणि शांत बसा.
• रोहितांनी चरणं थांबवून माना वर केल्या आणि सगळे एका दिशेनं चालू लागले, तर ते घाबरलेत असं समजा. तिथंच थांबा. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून थवा उठवू नका. लांबच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद त्यात वाया जाते.
• सुरय किंवा टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, तर घरटं जवळच आहे. लगेच मागं फिरा.
• प्लास्टिक आणि जाळ्याचे तुकडे पाण्यात टाकू नका. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

वाऱ्याशी खेळू नका

एवढ्या मोठ्या पाण्यावर दुपारनंतर वारा कधी उठेल सांगता येत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीत करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यामुळं प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, लहान मुलांच्या तर आधी. होडीत जास्त माणसं भरू नका, फोटोसाठी सगळे एका बाजूला जाऊ नका. आभाळ भरून आलं तर निघूच नका. दुपारच्या आत काठावर परत या.

यात गावाचाही फायदा आहे

उजनीच्या काठावर भिगवण-कुंभारगावचे मच्छीमार आज पर्यटकांना पक्षी दाखवून चार पैसे कमावतात. कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावानं समुद्री कासवांची अंडी राखली. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक तिथं येतात आणि गावकऱ्यांच्या घरी मुक्काम करतात. दोन्हीकडं आधी जीव राखले गेले, म्हणून माणसं आली. आपल्याकडंही हे होऊ शकतं. त्यासाठी यंदाच्या उन्हाळ्यात एवढंच करायचं: पक्षी होडीतूनच बघायचे आणि डबा काठावर येऊन खायचा.