जातीचा दाखला आणि जातीचा पुरावा

15 सप्टेंबर 2008 रोजी भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने खैरलांजी हत्याकांडात आठ जणांना दोषी ठरवले आणि त्यानंतर नऊ दिवसांनी त्यांतल्या सहा जणांना फाशी सुनावली. 29 सप्टेंबर 2006 च्या संध्याकाळी मोहाडी तालुक्यातल्या या छोट्या गावात जमावाने एका दलित आईला, तिच्या मुलीला आणि दोन मुलांना ठार मारले होते आणि मृतदेह कालव्यात टाकले होते. शिक्षा इतकी कडक होती की निकालाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे अनेकांचे लक्ष उशिरा गेले. न्यायालयाने अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्याचे, म्हणजे आपण ज्याला ‘अॅट्रॉसिटी’ म्हणतो त्याचे, कलम लावायला नकार दिला होता. या हत्या सूडापोटी झाल्या, आधीच्या मारहाणीच्या प्रकरणात त्या मायलेकींनी साक्ष दिल्याचा तो राग होता, जातीचा संबंध सिद्ध होत नाही, असा तो निष्कर्ष. जुलै 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची सक्तमजुरी दिली. जातीच्या प्रश्नावरचे उत्तर मात्र बदलले नाही. चार माणसे मेली हे सिद्ध झाले, कोणी मारली हेही झाले. ती का मारली गेली, एवढेच कागदावर आले नाही.

या निकालावर तेव्हा जी टीका झाली ती बहुतेक न्यायाधीशांवर होती. ती अगदीच गैरलागू होती असे नाही. पण न्यायालय फाइलबाहेरचे फारसे पाहू शकत नाही आणि ती फाइल तयार होते तपासात. नागरी हक्कांच्या गुन्ह्यातला तपास हे इतर गुन्ह्यांच्या तपासापेक्षा वेगळे काम आहे, त्याची स्वतंत्र कारागिरी आहे आणि आपल्याकडे ती जवळजवळ शिकवलीच जात नाही, असे माझे म्हणणे आहे. साध्या खुनाच्या तपासात हेतू सापडला तर उत्तम, नाही सापडला तरी प्रत्यक्षदर्शी साक्षीवर शिक्षा होऊ शकते. इथे मात्र जातीशी असलेला संबंध हा गुन्ह्याचाच एक घटक आहे. तो रक्ताच्या डागासारखा वेळेत गोळा करावा लागतो. नंतर तो मिळत नाही.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याचे 1976 मध्ये नागरी हक्क संरक्षण कायद्यात रूपांतर झाले. त्यातले 12 वे कलम असे की, पीडित अनुसूचित जातीचा असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची. 1989 च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याने गंभीर गुन्ह्यांसाठी जास्त शिक्षा आणली, पण 3(2)(पाच) या सर्वांत वजनदार कलमात अट घातली की गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ घडलेला असावा. या अटीवर खटल्यांमागून खटले अडले. महाराष्ट्रातल्याच रामदास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये स्पष्ट केले की पीडित अनुसूचित जातीची आहे एवढ्यावरून हे कलम लागत नाही. 2021 मध्ये आंध्रातल्या पाटण जमाल वली प्रकरणात, जिथे पीडिता अंध दलित तरुणी होती, न्यायालयाने बरेच पुढचे पाऊल टाकले. ‘या कारणावरून’ म्हणजे ‘केवळ याच कारणावरून’ नव्हे, जात, स्त्रीत्व आणि अंधत्व एकाच व्यक्तीच्या आयुष्यात एकत्र काम करतात, असे न्यायालयाने सविस्तर मांडले. आणि तरीही अॅट्रॉसिटीच्या कलमाखालची शिक्षा रद्द केली, कारण जातीचा धागा जोडणारा स्वतंत्र पुरावा सरकार पक्षाने आणलेलाच नव्हता. तत्त्व पीडितेच्या बाजूने आणि फाइल तिच्या विरोधात, अशी ही विचित्र अवस्था आहे.

फाइल अशी का होते? अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात तपासी अंमलदार जातीबद्दल जे गोळा करतो ते बहुधा जातीच्या दाखल्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. फिर्यादीचा दाखला, आरोपीची जात, घटनास्थळाचा पंचनामा, चार-सहा जबाब, आणि प्रत्येक जबाबात एकाच साच्यातले, जातिवाचक शिवीगाळ केल्याचे वाक्य. उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील नेमके हेच वाक्य धरतो: सहाही जणांनी शब्दाला शब्द सारखे कसे सांगितले? दाखला माणसाची जात सांगतो. त्या गावात ती जात कशी वागवली जाते हे तो सांगत नाही. ते सांगणारे कागद निराळ्याच कपाटांत असतात. पोलीस ठाण्यात आधी दिलेल्या आणि ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र, म्हणून बाजूला टाकलेल्या तक्रारी. तलाठ्याकडचा सातबारा आणि फेरफार, म्हणजे वाटेचा किंवा बांधाचा वाद नेमका कधी उपटला. ग्रामपंचायतीचे ठराव, घरकुलाचा अर्ज किती वर्षे पडून राहिला त्याची नोंद. बहिष्काराचा आरोप असेल तर किराणा दुकानातली उधारीची वही. एखाद्या वस्तीतल्या सात-आठ कुटुंबांच्या खात्यांवर वर्षभर दर आठवड्याला तेल-मीठ-साखरेच्या नोंदी असतील आणि एका तारखेनंतर सगळ्यांच्याच नोंदी एकदम थांबल्या असतील, तर ते पान दहा तोंडी जबाबांना भारी पडते. दुकानदार साक्षीत फिरला तरी त्याच्या हातचे अक्षर फिरत नाही. ही वही जप्त करायला कोणतेही नवे कलम लागत नाही. ती मागावी हे सुचावे लागते, आणि पहिल्या आठवड्यात सुचावे लागते.

खैरलांजीतही आठवडे महत्त्वाचे ठरले. केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास गेला तो नोव्हेंबरात, विदर्भ पेटल्यानंतर. तोवर पहिले शवविच्छेदन निष्काळजीपणे उरकल्याचा आक्षेप येऊन पुरलेले मृतदेह पुन्हा बाहेर काढावे लागले होते, आणि गाव काय बोलायचे व काय नाही हे ठरवून बसले होते. त्या कुटुंबाचा गावात जमिनीचा वादही होता, हे खरेच. पण जमिनीचे वाद महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात आहेत. त्यांतल्या किती वादांत अख्खे घर भर वस्तीत मारले जाते आणि कोणी आडवे येत नाही? वाद जमिनीचा की जातीचा, ही निवडच चुकीची आहे. वादाचे कारण जमीन असू शकते आणि त्या वादाने कुठवर जायचे याची मुभा जात देते. ती मुभा सिद्ध करायची तर आधीच्या वर्षांतला त्या कुटुंबाचा गावाशी असलेला व्यवहार कागदोपत्री उभा करावा लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो तो कायदा बदलल्याचा. 2015 च्या दुरुस्तीने 3(2)(पाच) मधली अट सैल केली: आता गुन्हा करताना पीडित अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला माहीत असणे पुरे, आणि दोघांची आधीची ओळख असेल तर ते माहीत होते असे 8 व्या कलमानुसार न्यायालय गृहीत धरते. मग संदर्भ कशाला खणायचा? एक तर ही सवलत सगळ्या कलमांना नाही. अपमानाच्या कलमात हेतू आणि ‘लोकांच्या नजरेसमोर’ या दोन्ही गोष्टी अजून सिद्ध कराव्या लागतात, आणि 2020 च्या हितेश वर्मा प्रकरणात घराच्या चार भिंतींआडच्या शिवीगाळीचा आरोप आणि मालमत्तेचा वाद या दोन्ही मुद्द्यांवर आरोप टिकला नाही. दुसरे म्हणजे ओळख होती हेसुद्धा कोणीतरी नोंदवायला हवे. गृहीतक हा पाया आहे, त्यावरची भिंत तपासानेच बांधायची असते.

दुसरा आक्षेप जास्त मोठ्या आवाजात केला जातो: हे गुन्हे खोटेच असतात म्हणून सुटतात. कराडच्या एका शासकीय महाविद्यालयातून सुरू झालेल्या सुभाष महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 20 मार्च 2018 रोजी गैरवापराची भीती मान्य करून अटकेवर आणि गुन्हा नोंदवण्यावर अटी घातल्या. संसदेने त्याच वर्षी 18-अ कलम आणून त्या काढल्या, आणि 1 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायालयानेही आपले ते निर्देश मागे घेतले. खोट्या फिर्यादीमागे जात नसते, माणसाचा दोष असतो, हे तेव्हा न्यायालयाने आवर्जून सांगितले. पण आकड्यांचे काय? महाराष्ट्रात तपास बंद करताना ए, बी आणि सी अशा समऱ्या दिल्या जातात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही ती ए, फिर्याद खोटी ठरते ती बी, आणि खरे-खोटे ठरवता येत नाही किंवा गैरसमजातून घडले ती सी. चर्चेत या सगळ्यांचा आणि न्यायालयातल्या निर्दोष सुटकांचा एकच ढीग केला जातो. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा इथे एप्रिल 2014 मध्ये सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण महत्त्वाचे साक्षीदार, त्यांत मुलाच्या शाळेतले शिक्षकही, फितूर झाले. मुलगा मेला हे तर खोटे नव्हते. खोट्या फिर्यादी असतात, जशा कोणत्याही कायद्याखाली असतात. पण सुटकेची टक्केवारी हा त्यांचा पुरावा नव्हे.

साक्षीदार फिरतात हे कोणाला नवीन नाही. मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. त्या समितीने नोंदवले होते की अस्पृश्य प्रत्येक गावात अल्पसंख्य आहेत, रोजीरोटीसाठी स्पृश्यांवर अवलंबून आहेत, आणि त्यांनी हक्क वापरायचे धाडस केले की त्यांच्याविरुद्ध आर्थिक सत्तेचे हत्यार चालवले जाते. जवळजवळ शंभर वर्षे जी गोष्ट सरकारी अहवालात छापलेली आहे ती तपासाच्या आराखड्यात गृहीत धरलेली नसावी, याचे मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटते. साक्षीदार फिरणारच असे धरून चालणारा अधिकारी दंडाधिकाऱ्यासमोर जबाब लवकर नोंदवून घेईल, तोंडी पुराव्याला कागदाची जोड देईल, आणि पीडित-साक्षीदारांच्या संरक्षणासाठी 15-अ कलमाने दिलेले अधिकार खटला सुरू व्हायची वाट न पाहता वापरेल.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो पोलिसांचा आहे. आम्ही गुन्हा शोधायचा की समाजशास्त्र लिहायचे? आधीच जातीचा हेतू मनात धरून निघालो तर तपास एकतर्फी होणार नाही का? लंडनमध्ये 1993 साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला, तेव्हा तिथल्या पोलिसांनी वंशाकडे पाहायचे टाळले आणि तपास वाया घालवला. 1999 च्या मॅकफर्सन अहवालाने त्यावर सुचवलेला उपाय साधा होता: पीडिताला किंवा इतर कोणालाही घटना वंशद्वेषी वाटली तर ती तशी नोंदवा आणि त्या दिशेने तपासा. वाटले म्हणून सिद्ध झाले, असे त्यात कुठेच नाही. शोधायची दिशा आणि काढायचा निष्कर्ष या वेगळ्या गोष्टी आहेत. उधारीची वही दोन्हीकडे कापते. नोंदी नंतरही तशाच चालू असतील तर बहिष्काराचा आरोप लटका पडतो आणि एखादा निरपराध माणूस वाचतो. संदर्भ न तपासणारा अधिकारी तटस्थ राहत नाही, फक्त अडाणी राहतो.

1995 च्या नियमांतल्या सातव्या नियमाने तपासाचे काम उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिले. नेमणूक करताना त्याचा अनुभव, न्यायबुद्धी आणि प्रकरणाचे गांभीर्य ओळखण्याची क्षमता पाहावी, असेही त्या नियमात आहे. व्यवहारात मात्र ज्या उपविभागात गुन्हा घडला तिथला उपविभागीय अधिकारी हाच आपोआप तपासी अधिकारी होतो. बंदोबस्त, सण, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे सांभाळून त्याने 60 दिवसांत दोषारोपपत्र द्यायचे. मग जबाब घेणे हाताखालच्यांकडे जाते आणि सही वरची राहते. तपास उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने केला म्हणून अॅट्रॉसिटीची कलमे गळून पडली, असेही घडते. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या चुन्नीलाल प्रकरणात अशा तपासातून भारतीय दंड संहितेखालचा खटला तरी वाचवला, एवढेच. महाराष्ट्र पोलिसांत नागरी हक्क संरक्षणाची स्वतंत्र शाखा आहे, पण तिचे काम मुख्यतः देखरेखीचे आणि आढाव्याचे. किती गुन्हे, किती प्रलंबित, किती निकाली, हे तक्ते ती मागवते. त्याच शाखेने निर्दोष सुटकेच्या प्रत्येक निकालपत्रातला तो परिच्छेद वेगळा काढावा, जिथे न्यायाधीशाने पुरावा कुठे कमी पडला ते लिहिलेले असते, आणि तो त्या तपासी अधिकाऱ्याला, त्याची बदली कुठेही झालेली असो, लेखी उत्तरासाठी पाठवावा. यासाठी ना नवे पद लागते, ना विधेयक. निकालपत्रे जिल्हा न्यायालयांच्या संकेतस्थळांवर आजही कोणालाही वाचता येतात.