भागवत, सोहोनी आणि वालाचे दाणे

भातकापणी झाली की रत्नागिरीच्या आसपासच्या मळ्यांत जमिनीतल्या ओलीवर वाल, पावटा, कुळीथ वाढतात. पुढे कडवे वाल घरात आले की रात्रभर भिजतात, फडक्यात बांधले जातात, मोड येतात. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि डाळिंब्यांची उसळ करायची. हा दाणा कच्चा का पचत नाही, याचा शोध प्रयोगशाळेत घेणाऱ्यांत एक मराठी बाई आघाडीवर होत्या. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण.

कमलाबाईंची गोष्ट सांगताना बहुतेक जण 1933 साली थांबतात. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या आणि अटींवर प्रवेश मिळवला. हा प्रसंग सांगायलाच हवा. पण त्यानंतरच्या तीन दशकांत त्यांनी काय लिहिलं, हे क्वचितच कुणी उघडून पाहतं. संशोधकाला ओळखायचं तर त्याचे निबंध वाचावे लागतात.

त्या निबंधांची सुरुवात डाळी-कडधान्यांपासूनच होते. बंगळूरचे त्यांचे गुरू श्रीनिवासय्या यांच्याबरोबर कडधान्यांतल्या प्रथिनेतर नायट्रोजनवर लिहिलेला निबंध 1935 साली 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये आला. केंब्रिजला गेल्यावर विषय बदलला. 1938 मध्ये डेरेक रिक्टर यांच्यासह अ‍ॅड्रिनलिनवरचा निबंध, 1939 मध्ये ब्लाश्को आणि रिक्टर यांच्यासह अमाइन ऑक्सिडेज या विकरावरचा. याच विकराला पुढे मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणू लागले आणि 1950च्या दशकात नैराश्यावरची पहिली औषधं त्यालाच रोखणारी निघाली. त्या औषधांचं श्रेय कमलाबाईंना देता येणार नाही. पण ज्या पायावर ती उभी राहिली, त्यात त्यांच्या हातची एक वीट आहे.

त्याच 1939 साली रॉबिन हिल यांच्याबरोबरचं टिपण 'नेचर'मध्ये छापून आलं. सायटोक्रोम यंत्रणा, म्हणजे पेशींच्या श्वसनातली इलेक्ट्रॉनांची ने-आण, प्राणी आणि यीस्टप्रमाणे सपुष्प वनस्पतींतही चालते, असा त्याचा आशय. याच कामावरचा पीएच.डी.चा त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता.

इथवर लेखिकेचं नाव के. भागवत. 1947 मध्ये लग्न झालं, त्या मुंबईला आल्या, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या आणि निबंधांवर के. सोहोनी हे नाव आलं. कुणाच्या निबंधांचा संदर्भ किती जणांनी घेतला, हे मोजणाऱ्या सूचीला हे एकच माणूस आहे, हे कसं कळावं? भागवत आडनावही रोमन लिपीत कधी 'व्ही'ने, कधी 'डब्ल्यू'ने लिहिलं जातं. त्यात युजीन गारफिल्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही अशी सूची बाजारात आली 1964 मध्ये. तोवर कमलाबाईंचं महत्त्वाचं काम छापून झालं होतं. आज एका नावाने शोध घेऊन मिळणारा आकडा त्यांच्या कामाचं माप म्हणून सांगणं चुकीचंच ठरेल.

मुंबईच्या काळातलं काम पुन्हा शेंगांकडे वळलं, आणि इथेच त्या खऱ्या अर्थाने स्वतःच्या वाटेवर दिसतात. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून येणारं, प्रथिनं पचवणारं विकर. त्याला अडवणारं प्रथिन वनस्पती आपल्या बियांत साठवते. किडींपासून बचावासाठी ते उपयोगी पडतं. सोयाबीनमधला असा रोधक कुनिट्झ यांनी अमेरिकेत 1945च्या सुमारास स्फटिकरूपात वेगळा केला. दहा वर्षांनी, 1955 मध्ये, सोहोनी आणि त्यांचे सहकारी के. एस. आंबे यांनी वाल आणि डबलबी यांतल्या रोधकांचे स्फटिक मिळवल्याचं 'नेचर'मध्ये जाहीर केलं. त्याच सुमारास 'जर्नल ऑफ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च'मध्ये भांडारकरांसह 'भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिन रोधक' ही मालिका चालू होती: आधी भाज्या, मग कडधान्यं. रोधक हे प्रथिनच असल्याने चांगल्या उकळीने त्याची घडी मोडते आणि त्याचा जोर बराच ओसरतो. कोकणातल्या चुलीवर हेच होत आलं होतं.

वालावरचं काम तिथे संपलं नाही. 1965 मध्ये साळगरकर आणि सोहोनी यांनी वालातल्या, रक्तपेशींच्या गुठळ्या करणाऱ्या प्रथिनांवर 'इंडियन जर्नल ऑफ बायोकेमिस्ट्री'त लिहिलं आणि ते उंदरांना खाऊ घालून वाढीवर काय परिणाम होतो, हेही तपासलं. विद्यार्थ्यांची नावं आधी, स्वतःचं नंतर, असं अनेक निबंधांत दिसतं.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, त्याबद्दल राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. त्यांच्या संशोधनातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच. 1966 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्यांनी अन्नभेसळीविरुद्ध काम केलं. या कामाची नोंद कुठल्याही संदर्भसूचीत होत नाही. 1998 मध्ये त्यांचं निधन झालं.

वालाच्या रोधकांवर आज लिहिणारा संशोधक मागे मागे जात राहिला, तर 1955च्या 'नेचर'च्या त्या पानावर पोचतो. तिथे नाव आहे के. सोहोनी. आणखी सोळा वर्षं मागे, त्याच नियतकालिकात, हिल यांच्याशेजारी के. भागवत.