रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा काय सांगतो?

2021 च्या जून-जुलैत राज्याचा बराचसा भाग कोविडच्या दुसऱ्या लाटेतून सावरत असताना कोल्हापूर जिल्ह्यात रुग्णसंख्या उतरायला तयार नव्हती. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारात आणि खासगी दवाखान्यांबाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या तोंडी तेव्हा डी-डायमर, सीआरपी, फेरिटिन ही रक्ततपासण्यांची नावं बसली. लाट ओसरली, पण या आकड्यांची धास्ती आणि त्यांबद्दलचे गैरसमज मागे राहिले.

गैरसमज : डी-डायमर वाढला, म्हणजे रुग्ण हाताबाहेर गेला.

वस्तुस्थिती : रक्ताची गुठळी विरघळताना हा घटक रक्तात उतरतो. मार्च 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ने वुहानमधल्या 191 कोविड रुग्णांचा अभ्यास छापला. दाखल होताना डी-डायमर 1 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण अधिक होतं. हा धोका गटाचा. त्यातल्या एकेकट्या रुग्णाचं काय होणार, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय वाढतं वय, गरोदरपण, शस्त्रक्रिया, कर्करोग यांतही डी-डायमर वाढतो.

गैरसमज : एका तपासणीवरून अंदाज बांधता येतो.

वस्तुस्थिती : कोविड रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये 2020 साली तयार झालेल्या ‘फोर-सी’ गुणांकनात आठ गोष्टी मोजतात : वय, लिंग, जुने आजार, श्वासाची गती, ऑक्सिजन, शुद्धीची पातळी, युरिया आणि सीआरपी. यांत रक्ततपासण्या दोनच आहेत. उरलेलं सगळं रुग्णाजवळ उभं राहूनच कळतं.

गैरसमज : पहिला रिपोर्ट नॉर्मल आला, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती : सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. दाह सुरू झाल्यावर ते वाढायला सहा-आठ तास लागतात आणि शिखर गाठायला साधारण दोन दिवस. कारण आटोक्यात आलं, की सुमारे 19 तासांत ते निम्म्यावर येतं. म्हणूनच डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतात. मात्र दाह दाबणाऱ्या टोसिलिझुमॅबसारख्या औषधानेही सीआरपी खाली येतं, मग जंतुसंसर्ग आत असला तरी!

गैरसमज : डेंगीत प्लेटलेट्स उतरल्या, की लगेच चढवायला हव्यात.

वस्तुस्थिती : सिंगापूर आणि मलेशियातल्या 372 रुग्णांवरचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेटलेट्स 20 हजार किंवा त्याखाली असूनही रक्तस्राव नसलेल्यांना त्या आधीच चढवल्या, तरी रक्तस्राव कमी झाला नाही. सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढत असताना झपाट्याने घसरणाऱ्या प्लेटलेट्स या खुणा अधिक गंभीर आहेत.

गैरसमज : दोन लॅबचे आकडे जुळले नाहीत, म्हणजे एक रिपोर्ट चुकीचा.

वस्तुस्थिती : आधी एकक पाहा. सीआरपी एक लॅब प्रति लिटर देते, दुसरी प्रति डेसिलिटर. त्यात दहापटीचा फरक पडतो. डी-डायमरच्या दोन मोजणी पद्धतींत जवळपास दुपटीचं अंतर असतं.

रुग्ण दाखल असताना शक्यतो एकाच लॅबमधून तपासण्या करा, सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा : कालच्यापेक्षा आज काय बदललं, आणि त्यामुळे उपचारात काय बदलणार आहे?