टेबल एक, पाय एक!

मैत्रिणींनो, जेवणाच्या टेबलाखालचा केर काढताना कधी पाय मोजलेत? टेबलाचे चार आणि चार खुर्च्यांचे सोळा, म्हणजे चक्क वीस! केरसुणी अडते, पाहुण्यांचे गुडघे आपटतात.

फिनलंडमध्ये जन्मलेले अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ एरो सारिनेन यांनाही ही पायांची दाटी खटकत होती. नोल कंपनीसाठी १९५७ साली त्यांनी एकाच पायाचे टेबल आणि तशाच खुर्च्या घडवल्या. खाली पसरट गोल बैठक, तिथून फुलाच्या देठासारखा निमुळता होत गेलेला पाय आणि वर पुन्हा उमलून फळीला भिडलेला. फळीची कडा खालून तासलेली, म्हणून जाड फळीही पातळ दिसते. पाय ओतीव धातूचा आणि फळी लाकडाची किंवा संगमरवराची, पण नजर कुठे अडत नाही.

खुर्ची तर अख्खी एकाच पदार्थाची व्हावी, अशी त्यांची फार इच्छा होती. पण त्या वेळच्या प्लास्टिकचा पाय माणसाचा भार पेलेना. शेवटी बैठक फायबर ग्लासची आणि पाय अॅल्युमिनियमचा करून दोन्हींना एकच रंग दिला. आपला एका दगडातून कोरलेला, पायांचा पोळपाट आठवा. तिथे सांध्याचा प्रश्नच नाही!

सुताराला सांगण्यापूर्वी

असे टेबल करून घ्यायचे असेल, तर नुसते चित्र दाखवू नका. खालच्या बैठकीचे माप आधी विचारा. समजा, वरची गोल फळी ४२ इंच रुंद आहे आणि २० किलोचे मूल तिच्या काठाला लोंबकळले. खालची बैठक २४ इंच असेल, तर टेबल कलंडू नये म्हणून त्याचे वजन १५ किलोंहून जास्त हवे. बैठक १४ इंचच ठेवली, तर तेच वजन ४० किलोंच्या वर जाते! मुले काठावर रेलणारच, तेव्हा बैठक रुंद आणि जड हवी. नाजूकपणा मधल्या देठाला शोभतो. टेबल घरी आले, की आधी आपण स्वतः काठावर भार देऊन पाहा, मगच मुलांना बसवा.

संगमरवर घेतलात, तर लिंबू, चिंच, ताक सांडताच पुसा; आंबटाने त्याची चकाकी जाते, बरं का!